खोट काढणाऱ्या बाई

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते टीव्हीच्या रिमोटचं.

सकाळची वेळ होती. बायको पलंगावर उशीला टेकून बसली होती, मी शेजारी खुर्चीत. रिमोट चालेना. मी मागचं झाकण काढलं, जुने सेल काढले, नवे घातले, आतली पट्टी सदऱ्याच्या टोकानं पुसली, झाकण लावलं आणि वर दोनदा तळहातावर आपटला. टीव्ही लागला.

"झालं," मी म्हणालो.

"कशानं झालं?"

"म्हणजे?"

"सेल बदललेत, पट्टी पुसलीत, आपटलात. तिन्ही एकदम. आता बिघाड कशात होता सांगा."

"अगं, लागला ना टीव्ही? बघ की मुकाट्यानं."

"लागला. पण परत बंद पडला की तुम्ही परत नवे सेल आणाल. नुसता पुसून चालला असता की काय, ते कळायची सोयच ठेवली नाहीत."

मी रिमोट तिच्या हातात कोंबला. ती हसली. थोडं पाणी प्याली, डोळे मिटून पडली. दिवेलागणीला गेली.

लोक म्हणतात, शांतपणे गेली, पुण्यवान. असेल. मला राग येतो. तेव्हाही आला होता, अजूनही येतो.

शाळेनं तिच्यावर एक छोटं पुस्तक काढायचं ठरवलंय. त्यात घरच्यांचे चार शब्द हवेत म्हणून एक तरुण मास्तर येऊन बसला. म्हणाला, "काका, बाई म्हणजे ज्ञानाचा दिवा होत्या, असं काहीतरी लिहा." मी म्हटलं, दिवाबिवा काही नव्हती, डोक्याला ताप होती. तर म्हणे, तेच लिहा. म्हणून लिहितोय. मी चौथी शिकलेला, विश्रांतवाडीला आमची पिठाची गिरणी. शुद्धलेखन मास्तरांनी बघावं. बाकीच्याला हात लावू नये.

सगळी गल्ली तिला बाई म्हणायची, म्हणून मीही बाईच म्हणायचो. लग्न होऊन आली तेव्हा मॅट्रिक होती. पुढचं सगळं इथं येऊन शिकली. माझी आई म्हणायची, "शिकू दे की, हाय डोस्कं तर वापरू दे." आईला काय माहीत ते डोकं कुणावर चालणार आहे.

शाळेत ती विज्ञान शिकवायची. पण इतर मास्तर प्रयोग करून दाखवतात तसं हिचं नव्हतं. ही मुलांना दुसऱ्या कुणीतरी केलेला प्रयोग सांगायची आणि विचारायची, यात खोट कुठं आहे? दर शनिवारी शेवटचा तास त्यासाठी राखलेला. वेळापत्रकात त्याचं नाव काही वेगळं होतं, पण पोरं त्याला 'खोट काढायचा तास' म्हणायची.

एकदा ती चष्मा घरी विसरली, तो द्यायला मी शाळेत गेलो. गिरणीच्या पिठानं अंग पांढरं, म्हणून वर्गात न जाता खिडकीशी उभा राहिलो. बाई सांगत होती,

"एकानं दोन कुंड्या घेतल्या. एकीत घेवडा लावला, उन्हात ठेवला, रोज पाणी घातलं. दुसरीत मेथी लावली, कपाटात ठेवली, आठवण झाली तर पाणी घातलं. घेवडा वाढला, मेथी मेली. त्यानं वहीत लिहिलं, झाडाला ऊन लागतं. किती मार्क द्याल?"

मी मनात म्हटलं, पैकीच्या पैकी. ऊन लागतंच की झाडाला. पोरं मात्र उठून ओरडायला लागली.

"बाई, बी वेगळं घेतलं!"

"बाई, पाणी पण सारखं नाही!"

"बाई, कपाटात हवा कुठून येणार?"

"बाई, एकेकच कुंडी. मेथीचं बी किडकं असलं तर?"

"मग काय," बाई म्हणाली, "झाडाला ऊन लागत नाही?"

मग मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "लागतं बाई. पण हे त्याला प्रयोगातून कळलं नाही. त्याला आधीच माहीत होतं."

बाईचा चेहरा असा फुलला, जसा आमच्या लग्नातसुद्धा फुलला नव्हता.

बाहेर आल्यावर मी चष्मा दिला आणि म्हटलं, "उत्तर बरोबर असून मार्क नाहीत? पोरं बोर्डात नापास करणार आहेस का?"

ती म्हणाली, "बोर्डाची हीच तर रड आहे. प्रयोगाच्या वहीत उत्तर आधी लिहितात आणि मग प्रयोग करतात. चुकला तर प्रयोग खोडतात."

मी घाईनं परत फिरलो. गिरणी भाच्याच्या हवाली करून आलो होतो.

तिचं एक वाक्य होतं. ते ऐकून ऐकून माझे कान किटले होते. कुणी काही सांगितलं की ती विचारायची, "आणि ज्याला दिलं नाही, त्याचं काय झालं?" अमक्या तेलानं केस वाढले म्हणा, तमक्या खताला गुलाब आले म्हणा, हिचं तेच. माझी वहिनी एकदा मोठ्या कौतुकानं सांगायला लागली की गुरुवारच्या उपासानं तिची शुगर उतरली. बाईनं शांतपणे विचारलं, "आणि उपास न करणाऱ्या तुमच्या धाकट्या बहिणीची किती आहे?" धाकटीची आधीपासूनच कमी होती. वहिनीनं पुढं हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. मी भांडलो घरी. "तुला गप्प बसायला काय होतं?" तर म्हणते, "मी काय चुकीचं बोलले? नुसतं विचारलं." नुसतं विचारलं! या नुसत्या विचारण्यानं अर्धे नातेवाईक तुटले आमचे.

शाळेतही तेच झालं.

संस्थेचे एक ज्येष्ठ पदाधिकारी होते, सगळे त्यांना दादासाहेब म्हणायचे. सज्जन माणूस, शाळेसाठी राबलेला. त्यांनी प्रार्थनेच्या वेळी मुलांना सांगितलं की रोपापाशी बसून रोज स्तोत्र म्हटलं की रोप जोमानं वाढतं, त्यांच्या गच्चीवरचा अनुभव आहे. झालं. विज्ञान प्रदर्शनाला बाईच्या पोरांनी तेच घेतलं. मटकीचे ट्रे मांडले. काहींपाशी रोज स्तोत्र म्हणायचं, काहींपाशी काहीच नाही. एक पोरगं म्हणालं, बाई, एकापाशी शिव्या देऊन बघू का? बाई म्हणाली, "बघ. पण वेळ तेवढाच द्यायचा, आणि आईबहीण नको." तर एक ट्रे शिव्यांचा.

मोड सगळ्यांना सारखेच आले. शिव्यांच्या ट्रेला किंचित जास्त. पोरं नाचायला लागली. बाईनं त्यांना थांबवलं. "आता आपल्याच प्रयोगाची खोट काढा." मग पोरांना दिसलं की शिव्यांचा ट्रे खिडकीजवळ होता, तिथं ऊब जास्त. त्यांनी ते एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आमच्या प्रयोगातल्या चुका', आणि टेबलावर पुढंच ठेवलं.

प्रदर्शनाचे प्रमुख पाहुणे कोण? दादासाहेबच. हेडमास्तर आदल्या दिवशी बाईला म्हणाले, "बाई, निदान निष्कर्ष थोडा मऊ करा." बाई म्हणाली, "सर, मटकी मऊ करता येईल." ते म्हणाले, "मग तो चुकांचा पुठ्ठा तरी उचला. स्वतःच्या चुका कुणी मांडून ठेवतं का?" बाई म्हणाली, "प्रकल्प तोच आहे सर. मटकी नुसती सोबतीला आहे."

बक्षीस मिळालं ज्वालामुखीला. लाल दिवे, धूर, खाली भुशाचा डोंगर. मीही बघितला, छान होता. मी बाईला म्हटलं सुद्धा, "धूर तरी काढायचा होतास." त्या दिवशी मला नुसता भात मिळाला.

पुढच्या वर्षी शनिवारचा तास वेळापत्रकातून गेला. त्या जागी बोर्डाच्या प्रश्नपत्रिकांचा सराव. नुसता कागद बदलला. बाई हेडमास्तरांकडं गेली, शिक्षण खात्यात जाऊन आली, पालकसभेत उभी राहिली. पालक म्हणाले, "बाई, मार्कांचं बघा." तिच्या बाजूनं एकही हात वर झाला नाही. घरी आली आणि कणकेचा डबा इतका जोरात ठेवला की झाकण उडालं.

मग तो तास आमच्या ओट्यावर आला. रविवारी सकाळी गिरणीच्या शेजारी दहा-बारा पोरं बसायची. शाळेतून ती निवृत्त झाली तरी पोरं येत राहिली, नवी नवी. मला आवाजाचा त्रास आणि त्यांना गिरणीचा. एकदा त्यांनी मलाच प्रयोगात धरलं.

माझ्या दुकानावर पाटी होती, 'मऊ पोळीसाठी आमचंच पीठ'. पलीकडच्या चौकातली गिरणी वेगानं दळते, पीठ तापतं, पोळी वातड होते, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरंच वाटायचं मला. बाईनं ते पोरांपुढं टाकलं. "काकांचं म्हणणं कसं तपासाल?"

एक म्हणाला, दोन्हीकडचं पीठ आणू. दुसरा म्हणाला, गहू एकाच पोत्यातला पाहिजे. तिसरी म्हणाली, कणीक एकीनंच मळायची, तवा एकच. कुणीतरी म्हणालं, खाणाऱ्याला कळता कामा नये कुठली कुणाची. आणि मग अफरीन नावाची एक पोरगी होती, शेजारच्या शिंप्याची, नववीतली, बारीक आवाजाची. ती म्हणाली, "बाई, वाढणाऱ्याला पण कळायला नको. माझी अम्मी तिनं केलेलं वाढताना वेगळंच तोंड करते."

बाईनं दोन्ही हात जोडले तिला. एवढ्याशा पोरीला.

गल्लीतल्या बायका बसवल्या, पोळ्या वाढल्या. कुणाला धड काही ओळखता येईना. मग मी बसलो. एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हटलं, "ही माझी. हिला म्हणतात पोळी." ती पलीकडच्या चौकातली निघाली. पोरं लोळून हसली. मी पाटी काढली नाही. बाई म्हणाली, "काढा असं कुठं म्हणतेय मी? तुम्हाला माहीत असलं म्हणजे झालं." हे तिचं वाईट होतं. काढा म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.

आता काढ्याचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

तिचं पोट दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आजार पसरलाय. औषध चालू करू, आशा ठेवू, पण फार नाही. बाईला आत बसल्या बसल्या कळलं होतंच. ती डॉक्टरांना विचारत होती, हे औषध कुणाकुणाला दिलं, त्यांचं काय झालं, न दिलेल्यांचं काय झालं. डॉक्टर बिचारे सांगत होते. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो.

आमच्या शेजारी साळुंके राहतात, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "किसनराव, येरवड्याला एक अण्णा आहेत, काढा देतात. माझी पोटातली गाठ त्यांच्याच काढ्यानं विरघळली. भिंतीवर माझा फोटो आहे, जाऊन बघा." मी गेलो. खोली स्वच्छ, अण्णा मृदू बोलणारे. भिंतभर फोटो. बायका, पुरुष, एक लहान मूलसुद्धा. सगळे बरे झालेले. मी त्या भिंतीपुढं उभा राहिलो आणि मला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी होऊ शकतं. बाटली घेऊन घरी आलो.

बाई म्हणाली, "साळुंक्यांना बोलवा."

ते आले. बाईनं विचारलं, "भावोजी, गाठ कसली होती?"

"गाठ म्हणजे गाठ, बाई."

"तुमचं ऑपरेशन झालं होतं ना गल्लीतल्या ससाण्यांकडच्या लग्नाआधी?"

"झालं होतं. पण फरक पडला तो काढ्यानं."

"ऑपरेशनमध्ये काय काढलं मग?"

साळुंक्यांनी जरा विचार केला. "गाठच काढली."

बाईनं माझ्याकडं बघितलं. मला साळुंक्यांना ओट्यावरून ढकलावंसं वाटलं.

"तरी घे," मी म्हटलं ते गेल्यावर. "तुझं काय जातंय?"

"दवाखान्याचं औषध चालू आहे. त्यात हे घेतलं आणि बरं वाटलं, तर श्रेय कुणाला द्यायचं?"

"श्रेयाचं लोणचं घालायचंय का आपल्याला? तू बरी हो, कशानं का होईना!"

"मग पुढच्या बाईला काय सांगाल?"

"पुढची बाई गेली खड्ड्यात."

त्या रविवारी पोरं तिला भेटायला आली. मी चहा टाकायला आत गेलो. परत येऊन बघतो तर बाई उशीला टेकून बसलीय, काढ्याची बाटली पोरांच्या मध्ये ठेवलेली, आणि तास चालू. डोळे नुसते चमकत होते. कित्येक दिवसांत मी तिला तशी बघितली नव्हती.

"हा काढा घेऊन पुष्कळ लोक बरे झाले. भिंतीवर त्यांचे फोटो आहेत. विश्वास ठेवाल?"

"बाई, सगळ्यांना एकच आजार होता का?"

"दवाखान्याचं औषध पण चालू होतं का त्यांचं?"

"बाई, काही जण आपोआप पण बरे होतात ना?"

अफरीन बाटलीकडं बघत बसली होती. म्हणाली, "बाई, बरे झाले ते फोटो द्यायला आले. जे मेले ते कसे येणार?"

म्हणाली आणि तिच्याच लक्षात आलं काय बोलली. पोरं दगडासारखी झाली. आणि बाई? बाईनं तिची पाठ थोपटली. "शाब्बास. भिंत अर्धीच आहे. उरलेली अर्धी कुठं आहे, ते विचारायचं."

माझ्या हातातला चहाचा ट्रे मी खाली आदळला. "उठा. सगळे उठा. इथं माणूस आजारी आहे. मटकीचा ट्रे नाही तो." पोरं चपला हातात घेऊन पळाली. अफरीन फाटकापाशी रडत होती. मला त्याचंही काही वाटलं नाही.

बाई संध्याकाळपर्यंत भिंतीकडं तोंड करून पडली. मग म्हणाली, "तुम्ही पोरीला रडवलंत."

"तिनं काय बोलावं तुझ्यासमोर?"

"खरं बोलली. एवढ्या वर्षांत इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. आणि मटकीचा ट्रे म्हणालात ना, तो आहेच मी. मला औषध देतात ते आधी कुणीतरी घेऊन बघितलं म्हणूनच. त्यातले बरेच गेले असतील. त्यांनासुद्धा कुणीतरी मोजलं, म्हणून आज माझ्यापर्यंत आलं."

"मला मोजायचं नाहीये," मी ओरडलो. "तू राहायला पाहिजेस. घेतलास आणि गेलीस तर म्हणशील काढा खोटा. नाही घेतलास आणि गेलीस तर मी जन्मभर म्हणेन, घेतला असता तर? तुझं ते वाक्य, ज्याला दिलं नाही त्याचं काय! मग दुसरी बाई कुठून आणू मी? एकीला देऊन एकीला न देता ठेवायला?"

तिनं पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाली, "ते मात्र खरं आहे. तिथं माझ्याकडं उत्तर नाही." आणि थोड्या वेळानं, "आणा तुमचा काढा."

"का?"

"तुम्ही दारं आपटत हिंडता. आजारापेक्षा त्याचा त्रास जास्त होतोय."

तरी आधी डॉक्टरांना फोन करून विचारलंच. ते म्हणाले, नाही घेतला तर बरं, घ्यायचाच तर थोडा घ्या. मग घ्यायला लागली, रोज, माझ्यासमोर, तोंड वेडंवाकडं न करता. अण्णांनी आंबट बंद सांगितलं होतं, तेही पाळलं. कोकमाच्या सारासाठी जीव टाकणारी बाई, पण थेंब घेतला नाही. तिनं कसली अट घातली नाही, टोमणाही मारला नाही. घातली असती अट तर बरं झालं असतं.

मधे काही दिवस तिला भूक लागली. स्वतः उठून ओट्यावर येऊन बसली. मी गिरणी बंद करून धावलो. "बघ! बघ आता!"

"दवाखान्यातलं औषध गेल्याच आठवड्यात बदललंय हो," ती म्हणाली.

"एक दिवस तरी मला जिंकू देशील का?"

"जिंका की. मी कुठं अडवलंय?"

मग परत पलंग धरला. पुढचं वर लिहिलंय.

ती गेली त्या संध्याकाळी साळुंके पहिले आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "किसनराव, काढा जरा उशिरा सुरू केला आपण. आणि बाईंच्या मनात श्रद्धा नव्हती, मग गुण कसा येणार?" वहिनी म्हणाली, "पथ्य मोडलं असेल कुठंतरी." ती समोर निजलेली होती आणि हे लोक काढ्याला वाचवत होते. काढ्याला! स्मशानातून आलो, अंघोळ केली, भिंतीला टेकून बसलो.

सकाळी उठलो. कपाटातून तिचा फोटो काढला, निवृत्तीच्या दिवशी शाळेनं काढलेला, चौकटीतला. चपला घातल्या.

भाचा म्हणाला, "मामा, कुठं निघालात? सुतक आहे. अजून सावडायला जायचंय."

"येतो," मी म्हटलं आणि रिक्षा केली.

अण्णांच्या खोलीबाहेर बाकांवर माणसं बसली होती. आत भिंत तशीच भरलेली. अण्णांनी मला बघितलं, मुंडन केलेलं डोकं बघितलं, आणि ते उठून उभे राहिले. हळू आवाजात म्हणाले, "आत या, किसनराव. आपण निवांत बोलू."

"इथंच बोलतो. माझी बायको तुमचा काढा घेत होती. काल गेली. हा तिचा फोटो, भिंतीवर लावा."

बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावली.

"अहो, असं कसं," अण्णा म्हणाले. "ही बरे झालेल्यांची..."

"माहीत आहे. तिथंच लावा."

"पथ्य..."

"पाळलं होतं. कोकमाचं सार मागत होती, दिलं नाही मी."

अण्णांनी मान खाली घातली. फोटोला हात लावला नाही. मीही आरडाओरडा केला नाही, माणूस म्हणून ते वाईट नव्हतेच. बाहेर आलो आणि दाराजवळच्या बाकावर, रांगेत बसतात तसा बसलो. फोटो मांडीवर उभा धरला, तोंड बाहेरच्या बाजूला.

येणारा जाणारा बघायचा. काही जण नमस्कार करायचे, त्यांना वाटायचं बरी झालेली कुणी आहे. एक तरुण बाई आपल्या नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली. त्याच्या चेहऱ्याचा तो आजारी रंग मला ओळखीचा होता. तिनं फोटो बघून विचारलं, "बाबा, ह्यांना गुण आला?"

"नाही. काल गेली."

तिचा हात नवऱ्याच्या दंडावर घट्ट झाला. "मग घ्यायचा का नाही?"

"ते मला नाही सांगता येणार. एकीवरून कळत नाही. दवाखाना सोडू नका, डॉक्टरांना विचारा. आणि आतली भिंत बघाल ना, तेव्हा हिला पण त्यात धरा."

ती तशीच उभी राहिली. मी बाकावर सरकून तिच्या नवऱ्याला बसायला जागा केली.